सांधारोधके, गॅस्केटविरहित एंजिन आवरणांची

एंजिनाच्या धातूच्या दोन भागांमधील सांध्यातून वंगण तेल, पाणी किंवा वायू बाहेर झिरपू नये आणि बाहेरील धूळ व पाणी आत शिरू नये म्हणून सांध्याच्या पृष्ठांवर द्रवरूपात किंवा लगद्याच्या रूपात लावल्या जाणाऱ्या व जागच्या जागी घट्ट किंवा अर्धघट्ट होणाऱ्या पदार्थांस सांधारोधके म्हणतात. याच कामासाठी कागद, बूच, रबर, तंतुमय पदार्थ इत्यादींचा सांध्याच्या आकारात कापलेला थर वापरल्यास त्यास गॅस्केट असे नाव आहे. महाराष्ट्रातील कर्मशाळांमध्ये गॅस्केटला ‘पॅकिंग’ हा शब्द रूढ आहे. क्रँककेसचे (भुजादंड व त्याचे धारवे सामावणाऱ्या पेटीचे) दोन अर्धे भाग, दंतचक्रांच्या पेटीचे झाकण, बाजूची आवरणे, तेलपात्र इ. सांधे अनेक आधुनिक एंजिनांत गॅस्केटशिवाय, केवळ सांधारोधक लावून जोडले जातात. अशा सांध्यांना गॅस्केटविरहित सांधे म्हणतात.

सांधारोधकाची निवड वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. परंतु तिच्यावर एंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. सांधा गळू लागला, तर तेलाचा डाग बाहेर दिसतो व दुरुस्तीस अवधी मिळतो. याउलट अयोग्य किंवा प्रमाणाबाहेर लावलेल्या सांधारोधकाचे तुकडे आतील बाजूस सुटून तेलाच्या गाळणीत किंवा मार्गात अडकले, तर ते बाहेरून दिसत नाहीत. वंगणाअभावी धारवे जळून एंजिन जाम झाल्यावरच दोष लक्षात येतो. म्हणून सर्वांत चिवट किंवा सर्वांत टणक सांधारोधक सर्वोत्तम, ही समजूत बरोबर नाही. सांध्यातील फट किती आहे, सांध्याचे भाग किती ताठ आहेत व ते एकमेकांच्या सापेक्ष किती हलतात, यांवरून सांधारोधकाचा प्रकार ठरतो. मजबुतीचा विचार त्यानंतर येतो.

इतिहास : बाष्प एंजिनांच्या काळात नळांचे व झाकणांचे सांधे सफेदा (शिशाचे पांढरे कार्बोनेट) किंवा शेंदूर (शिशाचे तांबडे ऑक्साइड) जवसाच्या तेलात मळून केलेल्या लुकणाने आणि ताग वा सुतळी गुंडाळून बंद करीत. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होते व शिशाची संयुगे ही क्रिया जलद करतात. जवसाचे पीक विदर्भात पूर्वापार घेतले जाते. शिशाची संयुगे विषारी असल्याने हे लुकण आता मागे पडले आहे.

यानंतरचा महत्त्वाचा पदार्थ म्हणजे लाख. लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारे शुद्ध शेलॅक अल्कोहॉलात विरघळवून गॅस्केटच्या दोन्ही बाजूंस लावण्याची पद्धत मोटारगाड्यांच्या प्रारंभीच्या काळापासून आहे आणि भारतातील डिझेल एंजिनांच्या दुरुस्तीत ती दीर्घकाळ टिकून राहिली. विदर्भाच्या पूर्व भागात, विशेषतः गोंदिया परिसरात, पळसाच्या झाडांवर लाखेचे उत्पादन होत आले आहे. शेलॅक तेल व पेट्रोल यांना चांगला विरोध करते. मात्र अल्कोहॉल उडून गेल्यावर त्याचा थर ठिसूळ होतो व उष्णतेने मऊ पडतो. त्यामुळे गॅस्केटचा साहाय्यक म्हणून ते उपयुक्त असले, तरी स्वतंत्र सांधारोधक म्हणून अपुरे पडते.

गॅस्केटशिवायचा सांधा व्यवहार्य झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, नव्या बहुवारिकांमुळे (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडून बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांमुळे). इंग्लंडमधील नॉटिंगॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी शतकाच्या प्रारंभी सिलिकॉनाच्या कार्बनी संयुगांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. अमेरिकेत यूजीन रोखो यांनी १९४० मध्ये सिलिकॉन मूलद्रव्य व मिथिल क्लोराइड यांची तांब्याच्या सान्निध्यात थेट विक्रिया करण्याची रीत शोधून काढल्यामुळे सिलिकोने मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. अमेरिकेतीलच हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हवेच्या अभावी घट्ट होणारे सांधारोधक व्यापारी उपयोगाच्या स्वरूपात आणले. ‘लॉकटाइट’ हे व्यापारी नाव त्यातूनच पुढे आले. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइस कंपनीच्या वायू-टरबाइन एंजिनांच्या सांध्यांसाठी ‘हायलोमार’ या नावाचे, कधीही पूर्ण घट्ट न होणारे सांधारोधक विकसित करण्यात आले.

गॅस्केटविरहित सांध्याचे तत्त्व : यंत्रकाम केलेले धातूचे पृष्ठ डोळ्यांना सपाट दिसले, तरी सूक्ष्म पातळीवर ते उंचवटे व खोलगट रेषा यांनी भरलेले असते. अशी दोन पृष्ठे बोल्टांनी आवळली असता ती केवळ उंचवट्यांवरच टेकतात व खोलगट रेषांमधून तेल वाट काढते. मऊ गॅस्केट दाबले जाऊन या रेषा भरून काढते. परंतु कागद व बूच यांचे थर उष्णतेने व सततच्या दाबाने कालांतराने आणखी बारीक होतात. त्याबरोबर बोल्टांतील ताण कमी होतो, सांधा ढिला पडतो व पुन्हा गळू लागतो. कापलेल्या गॅस्केटचे बोल्ट काही काळ एंजिन चालविल्यावर पुन्हा आवळावे लागतात, ते याच कारणाने.

गॅस्केटविरहित सांध्यात धातू धातूवर टेकतो व बोल्टांचा ताण तसाच राहतो. सांधारोधक उंचवट्यांमधील पोकळ्याच तेवढ्या भरते. दुसरा लाभ अचूकतेचा आहे. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांत धारव्यांची छिद्रे अशा रीतीने कोरलेली असतात की, भाग एकमेकांस टेकल्यावरच ती बरोबर एका रेषेत व योग्य अंतरावर येतात. मध्ये जाड थर आला, तर दंडांची आडवी मोकळीक (दंडास अक्षाच्या दिशेने सरकण्यास असलेली जागा) वाढते. भुजादंडाच्या अक्षातून दुभागलेल्या क्रँककेसमध्ये धारव्याचे छिद्र वर्तुळाकारही राहत नाही.

यावरून दुरुस्तीचा एक मूलभूत नियम निघतो. ज्या सांध्याची रचना उत्पादकाने गॅस्केटविरहित केली आहे, तेथे घरी कापलेला कागद घालू नये. आणि ज्या सांध्यात गॅस्केटची जाडी हिशेबात धरलेली आहे, तेथे ते काढून केवळ सांधारोधक लावू नये. काही एंजिनांत सिलिंडराच्या तळाशी किंवा धारव्याच्या आवरणाखाली ठराविक जाडीची गॅस्केटे घालून दट्ट्याच्या माथ्यावरील मोकळीक किंवा दंडाची आडवी मोकळीक जुळविलेली असते. अशा ठिकाणी गॅस्केट गाळल्यास दट्ट्या झडपांवर आपटण्याचा किंवा धारवे आवळले जाण्याचा धोका असतो [⟶ अंतर्ज्वलन एंजिन].

प्रकार : एंजिनाच्या आवरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या सांधारोधकांचे, ती कशी घट्ट होतात यावरून, तीन मुख्य वर्ग पडतात.

(१) ॲनएरोबिक (हवेच्या अभावी घट्ट होणारी) सांधारोधके : यांत मेथॅक्रिलिक अम्लाची एस्टरे, थोडे कार्बनी पेरॉक्साइड व विक्रिया जलद करणारी द्रव्ये असतात. हवेतील ऑक्सिजनाच्या सान्निध्यात बहुवारिकीकरणाची साखळी विक्रिया दडपली जाते व पदार्थ द्रवरूप राहतो. दोन धातूंच्या मध्ये हवा वगळली गेली आणि धातूच्या आयनांनी पेरॉक्साइडाचे विघटन केले की, विक्रिया सुरू होऊन चिवट प्लॅस्टिकासारखा थर बनतो. सांध्याबाहेर ओघळलेला भाग हवेत असल्याने द्रवरूपच राहतो. तो बाहेरून पुसता येतो व आत पडला तरी सामान्यतः तेलात मिसळून जातो. गाळणीत अडकणारे घट्ट तुकडे होत नाहीत, हा या वर्गाचा सर्वांत मोठा गुण होय. लोखंड, पोलाद व तांब्याच्या मिश्रधातू यांवर हे पदार्थ लवकर घट्ट होतात. ॲल्युमिनियम, जस्त व कल्हई केलेले पृष्ठ यांवर विक्रिया मंद असल्याने प्राथमिक प्रवर्तक द्रव्य लावावे लागते. सु. ०.२५ मिमी. पर्यंतच्या फटीसाठी ते सर्वोत्तम काम करतात. प्रवर्तकाच्या साहाय्याने काही प्रकार ०.५ मिमी. पर्यंत चालतात. नेहमीच्या प्रकारांना सु. १५०° से. पर्यंतचे तापमान सोसते. यांचा थर पातळ व तुलनेने ताठ असल्याने हलणाऱ्या किंवा वाकणाऱ्या सांध्यांना ते योग्य नाहीत.

बोल्ट जखडण्यासाठी वापरण्यात येणारा द्रव याच कुळातील असला, तरी तो सांध्याच्या पृष्ठावर लावू नये. त्याची जखडशक्ती जास्त व लवचिकपणा कमी असल्याने आवरण पुढे सोडविताना पृष्ठाला इजा होते.

(२) सिलिकोन रबराची सांधारोधके : नळीतून लगद्याच्या रूपात मिळणारी ही द्रव्ये नेहमीच्या तापमानास हवेतील आर्द्रतेमुळे घट्ट होऊन रबर बनतात. बाजारात ती ‘आरटीव्ही’ या संक्षिप्त नावाने ओळखली जातात. घट्ट होण्याची क्रिया बाहेरून आत जाते. सु. २५° से. तापमान व ५०% सापेक्ष आर्द्रता असताना काही मिनिटांत पृष्ठावर साय धरते व २४ तासांत सु. २ ते ३ मिमी. खोलीपर्यंत पदार्थ पक्का होतो. हे रबर −५०° से. पासून २००° से. हून अधिक तापमानापर्यंत लवचिक राहते, मोठी फट भरते आणि भाग हलले तरी ताणले जाऊन सांधा टिकवते. पत्र्याचे तेलपात्र, झडपांवरील पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकाचे झाकण व तीन भाग एकत्र येतात असे कोपरे येथे त्याला पर्याय नाही.

घट्ट होताना सुटणाऱ्या उपपदार्थावरून यांचे पोटप्रकार पडतात. अॅसिटिक अम्ल सोडणाऱ्या प्रकाराला व्हिनेगरसारखा वास येतो. ते अम्ल पोलाद, तांबे व जस्त यांना गंजवते. खिडकीच्या काचा व न्हाणीघर यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे सिलिकोन बहुधा याच जातीचे असते व ते तेलास टिकण्यासाठी बनविलेले नसते. म्हणून ते एंजिनात वापरू नये. एंजिनासाठी ऑक्झाइम किंवा अल्कोहॉल सोडणारे, तेलरोधी म्हणून निर्देशिलेले उदासीन प्रकार घ्यावेत. सर्वसाधारण सिलिकोन रबर पेट्रोलमध्ये फुगते व मऊ पडते. त्यामुळे कार्ब्युरेटर, इंधननळ्या व पेट्रोलचा सतत संपर्क येणारे इतर सांधे यांसाठी ते निषिद्ध होय. काही प्रकारांतून बाष्पनशील सिलिकोने सुटतात व क्रँककेसमधील वायूंबरोबर ज्वलनकक्षात जाऊन निष्कास मार्गातील ऑक्सिजन संवेदक निकामी करतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ ची उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर दुचाकी वाहनांतही इंधन अंतःक्षेपण व ऑक्सिजन संवेदक सर्रास आले असल्याने संवेदकास अपाय न करणारे सिलिकोन निवडणे आता ग्रामीण कर्मशाळांनाही आवश्यक झाले आहे.

(३) घट्ट न होणारी सांधारोधके : पॉलिएस्टर-युरेथेनासारख्या बहुवारिकांचे विद्रावकातील हे लगदे विद्रावक उडून गेल्यावर चिकट व मऊच राहतात. यंत्रकाम केलेले, नीट टेकणारे आणि तपासणीसाठी वारंवार उघडावे लागणारे सांधे यांसाठी ते उपयुक्त आहेत. त्यांचा थर अत्यंत पातळ असतो, बहुतेक प्रकार पेट्रोल व तेल यांना टिकतात व आवरण सहज सुटते. मात्र मोठी फट त्यांनी भरत नाही.

दोन भाग मिसळून तयार करावयाचे इपॉक्सी लुकण हे सांधारोधक नव्हे. तडा गेलेले आवरण तात्पुरते बुजविण्यास ते चालते. परंतु सांध्यात भरल्यास पृष्ठे कायमची चिकटतात व आवरण काढताना फुटते.

निवडीचे निकष : प्रथम फट मोजावी. स्वच्छ केलेले आवरण जागी ठेवून, बोल्ट न आवळता, फीलर गेजने (निरनिराळ्या ठराविक जाडीच्या पोलादी पात्यांच्या मापकाने) सांध्याभोवती तपासावे. ०.१ मिमी. चे पातेही कोठे शिरत नसेल, तर ॲनएरोबिक किंवा घट्ट न होणारे सांधारोधक पुरेसे आहे. ०.२५ मिमी. हून अधिक फट असल्यास सिलिकोन लागते. पण यंत्रकाम केलेल्या सांध्यात एवढी फट आढळणे हे आवरण वाकल्याचे लक्षण असते व तेथे प्रथम पृष्ठ घासून सपाट करणे हाच खरा उपाय होय.

दुसरा निकष सांध्याच्या हालचालीचा आहे. एकाच धातूचे दोन जाड ओतीव भाग बरोबरीने तापतात व प्रसरण पावतात. धातू भिन्न असल्यास तसे होत नाही. ॲल्युमिनियमाचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंश से. ला सु. २३ × १०⁻⁶ व बिडाचा सु. ११ × १०⁻⁶ असतो. बिडाच्या ठोकळ्यावरील ३०० मिमी. लांबीच्या ॲल्युमिनियमाच्या आवरणाचे तापमान ८०° से. ने वाढले, तर आवरण सु. ०.५५ मिमी. व ठोकळा सु. ०.२६ मिमी. लांबू पाहतो. बोल्ट व घर्षण यांच्या विरोधामुळे प्रत्यक्ष सरकणे यापेक्षा कमी असते. तरी मध्यापासून मोजता प्रत्येक टोकास सरकण्याची प्रवृत्ती सु. ०.१४ मिमी. एवढी राहते. ०.०५ मिमी. जाडीच्या ताठ थराला एवढे कर्तन (पृष्ठाला समांतर ओढले जाणे) सोसत नाही, तर १ मिमी. जाडीच्या सिलिकोन रबराला ते सहज सोसते. म्हणूनच सिलिकोनासाठी रचलेल्या सांध्यांच्या आतील कडेस उत्पादक तिरकी खाच ठेवतात; धातू धातूवर टेकला, तरी खाचेत रबराचा जाड दोर शिल्लक राहतो.

तिसरा निकष सांध्यातील द्रवाचा. वंगण तेलास तिन्ही वर्गांतील योग्य प्रकार टिकतात. पाणी व शीतक द्रव यांसाठी उत्पादकाने तसा निर्देश केलेला असावा. पेट्रोलासाठी सिलिकोन वर्ज्य. चौथा निकष सांधा किती वेळा उघडावयाचा आणि पाचवा, एंजिन किती वेळात पुन्हा सुरू करावयाचे हा होय.

या निकषांनुसार दुचाकी वाहनाच्या ॲल्युमिनियमाच्या क्रँककेसचे दोन अर्धे भाग व दंतचक्रांच्या पेटीचे जाड झाकण यांसाठी ॲनएरोबिक किंवा घट्ट न होणारे सांधारोधक, पत्र्याच्या तेलपात्रासाठी तेलरोधी सिलिकोन आणि जेथे पुढील आवरण, ठोकळा व तेलपात्र एकत्र येतात त्या कोपऱ्यांवर सिलिकोनाचा लहान ठिपका अशी सर्वसाधारण योजना होते. उत्पादकाच्या पुस्तिकेत विशिष्ट प्रकार सांगितला असल्यास तोच प्रमाण मानावा. सिलिंडराच्या टोपणाच्या सांध्यात ज्वलनाचा प्रचंड दाब व तापमान असल्याने तेथे खास गॅस्केटच लागते. वर वर्णिलेले कोणतेही सांधारोधक तिची जागा घेऊ शकत नाही. निष्कास नळीच्या सांध्यासही ही द्रव्ये चालत नाहीत.

घाटंजी परिसरातील परिस्थिती : यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे तालुक्याचे गाव कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात आहे. अशा गावच्या कर्मशाळेत येणारी एंजिने निरनिराळ्या पिढ्यांची असतात. एकीकडे विहिरींवरील व नाल्यांवरील एका सिलिंडराची डिझेल एंजिने. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची व इतर उत्पादकांची अशी एंजिने महाराष्ट्रभर शेतीत पसरली. विजेचे पंप आल्यावरही वीज नसलेल्या ठिकाणी ती कामास येतात. त्यांच्या आवरणांत बहुधा कापलेली गॅस्केटेच असतात. दुसरीकडे ट्रॅक्टर व दुचाकी वाहने असून त्यांत गॅस्केटविरहित सांधे वाढत गेले आहेत. एकाच कारागिराला दोन्ही प्रकार हाताळावे लागत असल्याने एका प्रकारची सवय दुसऱ्यास लावण्याची चूक येथे सहज संभवते.

हवामानाचा परिणामही लक्षणीय आहे. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत जाते व हवा अत्यंत कोरडी असते. सिलिकोन आर्द्रतेवर घट्ट होत असल्याने या दिवसांत उष्णता असूनही जाड थर आतून पक्का होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. वरची साय पाहून एंजिन लगेच सुरू केल्यास आतील मऊ भाग तेलाच्या दाबाने सरकतो. पावसाळ्यात याच्या उलट साय लवकर धरते व आवरण बसविण्यास थोडाच अवधी मिळतो. ॲनएरोबिक द्रव्यांवर आर्द्रतेचा असा परिणाम होत नाही. उष्णतेने ती जलद घट्ट होतात, मात्र उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली साठविल्यास बाटलीतच खराब होतात. ती हवा आत येऊ देणाऱ्या पॉलिथिनाच्या बाटलीत व मुद्दाम अर्धवट भरून विकली जातात. ती काचेच्या किंवा धातूच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवल्यास ऑक्सिजनाअभावी घट्ट होऊन वाया जातात.

काळ्या जमिनीची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू हे आणखी दोन शत्रू होत. गळणाऱ्या सांध्यावर तेल व धूळ यांचा जाड लेप बसून एंजिनाची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा होतो. सरकी काढण्याच्या व गठाणी बांधण्याच्या कारखान्यांच्या आवारात तेलाने भिजलेला कापूस तापलेल्या यंत्राजवळ साचणे हे आगीचे कारण ठरू शकते. विहिरीच्या काठावर बसविलेल्या एंजिनातून गळणारे तेल पाण्यात उतरते. ती विहीर पिण्याची असेल, तर हानी केवळ यंत्रापुरती राहत नाही. पावसाने ओढ दिली असता कापसाला द्यावयाचे संरक्षक पाणी एंजिन बंद पडल्याने चुकले, तर मोसमातील पिकाचेच नुकसान होते.

लावण्याची पद्धती : आवरण सोडविण्यापूर्वी गळतीचे कारण निश्चित करावे. क्रँककेसची श्वासनळी (आतील वायू बाहेर जाऊ देणारी नळी) धुळीने चोंदली असेल किंवा दट्ट्याची कडी झिजून ज्वलनवायू खाली उतरत असतील, तर आतील दाब वाढून चांगल्या सांध्यातूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी सांधारोधक कितीही वेळा बदलले, तरी गळती थांबत नाही.

आवरण सोडविताना सांध्यात पेचकस घालून उचकटू नये. मऊ हातोडीने कडेवर हलके ठोकावे किंवा त्यासाठी असलेल्या आट्यांच्या छिद्रांत बोल्ट आवळून भाग अलग करावेत. जुना थर लाकडी किंवा प्लॅस्टिकाच्या पट्टीने व योग्य विद्रावकाने काढावा. ॲल्युमिनियमावर पोलादी पाते वापरल्यास पडणारा ओरखडा तेलाचा नवा मार्ग बनतो. पॉलिश कागदाची पूड आत पडल्यास धारवे झिजतात. म्हणून उघड्या क्रँककेसवर तो वापरू नये व सर्व छिद्रे कापडाने झाकून घ्यावीत. पृष्ठ शेवटी विद्रावकाने पुसून पूर्ण कोरडे करावे. तेलाचा पातळ थर राहिला, तरी सांधारोधक चिकटत नाही. तळ बंद असलेल्या बोल्ट-छिद्रांतील तेलही काढावे, अन्यथा बोल्ट आवळताना अडकलेल्या द्रवाच्या दाबाने ओतीव भाग तडकतो.

सांधारोधक एकाच पृष्ठावर, अखंड रेषेत, प्रत्येक बोल्ट-छिद्राच्या आतील बाजूने किंवा त्याभोवती वळसा घेऊन लावतात. सिलिकोनाची रेषा सामान्यतः २ ते ३ मिमी. व्यासाची पुरते व साय धरण्यापूर्वी, साधारणतः दहा मिनिटांच्या आत, आवरण बसवावे लागते. आवरण मार्गदर्शक खुंट्यांवर सरळ खाली बसवावे. सरकवून बसविल्यास रेषा तुटते. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, निर्देशित पीडनापर्यंत (फिरविण्याच्या जोरापर्यंत) आवळावेत. बाहेरच्या कडेने बारीक, सारखी रेष दिसली म्हणजे प्रमाण योग्य आहे. बाहेर जाड पट्टा आला, तर तेवढाच आतही आला आहे असे समजावे. बाहेरचा पुसता येतो, आतला येत नाही. सिलिकोनाच्या बाबतीत तोच पुढे रबराचा तुकडा होऊन तेलाच्या गाळणीपर्यंत जातो. तेल भरण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेला अवधी जाऊ द्यावा. सिलिकोनाचे बाबतीत शक्य असल्यास एक पूर्ण दिवस थांबणे श्रेयस्कर.

परीक्षण व दक्षता : एंजिन सुरू केल्यावर प्रथम तेलाचा दाब किंवा, तशी सोय नसल्यास, टॅपेटपर्यंत तेल पोहोचते की नाही हे पाहावे. सांध्याभोवती खडूची पूड लावल्यास तेलाचा सूक्ष्म ओलावाही ओळखता येतो. पहिल्या तेलबदलाच्या वेळी गाळणी काढून तीत रबराचे कण आढळतात काय ते तपासावे. आढळल्यास आवरण पुन्हा उघडून आतील कडा साफ करणे हिताचे असते.

मेथॅक्रिलेटांमुळे काही व्यक्तींच्या त्वचेवर पुरळ उठते व ऑक्झाइम वर्गातील सिलिकोनांतून सुटणारी बाष्पे आरोग्यास अपायकारक असतात. म्हणून हातमोजे वापरून व हवेशीर जागी काम करावे. जुन्या एंजिनांतील काही गॅस्केटांत ॲस्बेस्टस असते व त्याचे तंतू श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार व कर्करोग होऊ शकतो. अशी गॅस्केटे कोरडी खरवडू नयेत. पाण्याने भिजवून काढावीत व त्यांची धूळ झटकू किंवा फुंकू नये.